कलम 716 चं काय झालं?

मे 2013 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक छोटं विधेयक पुढे सरकत होतं. ओळी सगळ्या मिळून 85. त्यातल्या 70 हून अधिक ओळींत सिटीग्रुप या बँकेच्या शिफारशी उतरलेल्या होत्या. दोन महत्त्वाचे परिच्छेद तर जवळपास जसेच्या तसे होते, फक्त दोन शब्दांचं अनेकवचन केलेलं. न्यूयॉर्क टाइम्सने ई-मेल तपासून हे छापलं. तरीही ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ते विधेयक 292 विरुद्ध 122 मतांनी मंजूर केलं, आणि त्यात दोन्ही पक्षांची मतं होती.

निवडणुकीसाठी बड्या बँकांचा पैसा घेणाऱ्या पुढाऱ्यावर बँकसुधारणेच्या बाबतीत विश्वास ठेवावा का, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच हेतूंवर घसरतं. अमका स्वच्छ, तमका विकला गेलेला. या वादातून हाती काही लागत नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतले अमेरिकेतले बँकविषयक कायदे ओळीने तपासले तर वेगळीच गोष्ट दिसते. लोकांचे डोळे सभागृहाकडे लागलेले असतात, तेव्हा बँकांच्या पैशावर निवडून आलेला सिनेटरसुद्धा बँकांच्या विरोधात मत देतो. पैसा आपलं काम त्यानंतर करतो: व्याख्येत, अपवादात, मर्यादेच्या आकड्यात, अंमलबजावणीच्या तारखेत. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा पुढाऱ्यावर कायदा मंजूर होईपर्यंत विश्वास टाकता येईल, पण त्यानंतरच्या पाच-सात वर्षांसाठी टाकू नये. आणि सुधारणा जगते की मरते, ते याच पाच-सात वर्षांत ठरतं.

ते 85 ओळींचं विधेयक ज्या कलमाच्या मुळावर आलं होतं, ते कलम 716. हे कलम 21 जुलै 2010 रोजी स्वाक्षरी झालेल्या डॉड-फ्रँक कायद्यातलं, म्हणजे 2008 च्या आर्थिक संकटानंतर आलेल्या बँकसुधारणेच्या कायद्यातलं. त्यामागचा विचार साधा होता. ज्या बँकेच्या ठेवींना सरकारी विमा आहे आणि जिला अडचणीत फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडून उसने पैसे मिळतात, तिने त्याच बँकेच्या छपराखाली जोखमीचे स्वॉप व्यवहार, म्हणजे व्याजदर, किमती किंवा कर्जबुडी यांच्या चढउतारावर बेतलेले दोन पक्षांमधले करार, करू नयेत. करायचेच असतील तर वेगळी कंपनी काढावी आणि तिला स्वतःचं भांडवल द्यावं. ती बुडाली तर तिची तीच बुडेल, ठेवविम्याच्या निधीला हात लागणार नाही.

बँकांना हे का नको होतं, हे समजून घ्यायला हवं. ठेवी घेणाऱ्या बँकेचं पतमानांकन बहुधा तिच्या मूळ कंपनीपेक्षा वरचं असतं, कारण तिच्यामागे ठेवविमा आणि मध्यवर्ती बँक उभी असते. समोरचा ग्राहक स्वॉप करताना याच बँकेचं नाव मागतो, तारण कमी मागतो, दरही बरा देतो. तोच व्यवहार वेगळ्या कंपनीत नेला की भांडवल बाजूला काढावं लागतं, तारण वाढतं आणि नफा आटतो. म्हणजे सरकारी हमीचा फायदा स्वॉपच्या दरात मुरलेला होता, आणि तो काढून घेण्याचं काम हे कलम करणार होतं.

ते आणलं कोणी? आर्कान्साच्या सिनेटर ब्लँश लिंकन यांनी. त्या तेव्हा सिनेटच्या शेती समितीच्या अध्यक्ष होत्या. (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे स्वॉप-वायद्यांसारखे करार, शेती समितीकडे का, तर अमेरिकेतला वायदेबाजार गहू-मक्याच्या व्यवहारांतून वाढला आणि ती विभागणी आजही तशीच आहे.) लिंकन काही बँकांच्या हाडवैरी नव्हत्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मध्यममार्गी, उद्योगांना जवळच्या गटातल्या होत्या. पण 2010 च्या मे महिन्यात त्यांच्यासमोर पक्षांतर्गत निवडणूक उभी होती आणि राज्याचे नायब गव्हर्नर बिल हॉल्टर त्यांना डावीकडून आव्हान देत होते. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली ती 15 सप्टेंबर 2008 ला, आणि त्यानंतर करदात्यांच्या 700 अब्ज डॉलरच्या मदत योजनेवर लोक चिडलेले होते. अशा वेळी त्यांनी त्या सगळ्या कायद्यातलं बँकांना सर्वांत झोंबणारं कलम मांडलं. ओबामांच्या अर्थखात्याला ते रुचलं नाही. फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर आणि ठेवविमा महामंडळाच्या प्रमुख शीला बेअर यांनीही मूळ मसुद्यावर आक्षेप घेतले, आणि त्यांना कोणी बँकांचे हस्तक म्हणू शकणार नाही. तरी कलम टिकलं, कारण ते गाळणं त्या महिन्यांत कुणालाच परवडणारं नव्हतं.

मात्र टिकताना ते बारीक झालं. जूनअखेर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने व्याजदराचे आणि चलनाचे स्वॉप बँकेतच ठेवायची मुभा दिली, आणि एकूण स्वॉप व्यवहारांत मोठा हिस्सा याच दोन प्रकारांचा असतो. बाहेर काढायचं ते उरलं: शेअर्सवरचे, बहुतेक वस्तूंवरचे आणि क्लिअरिंग हाऊसमधून (दोन्ही बाजूंची हमी घेणाऱ्या मध्यस्थ संस्थेतून) न जाणारे पतजोखमीचे, म्हणजे कर्ज बुडण्यावरचे, स्वॉप. तेही लगेच नाही. अंमल जुलै 2013 पासून, त्यावर दोन वर्षांपर्यंत सवलतीची मुदत.

ही मुदत संपायच्या आधीच डाव साधला गेला. 85 ओळींचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं होतं. डिसेंबर 2014 मध्ये त्यातला मजकूर सरकारी खर्चाच्या एका मोठ्या विधेयकात कलम 630 म्हणून जाऊन बसला. विधेयक सुमारे 1,600 पानांचं, रक्कम 1.1 लाख कोटी डॉलर. मजकूर 9 डिसेंबरला बाहेर आला आणि 11 तारखेच्या मध्यरात्री सरकारी खर्चाच्या मंजुरीची मुदत संपत होती. म्हणजे स्वॉपच्या कलमाला विरोध करायचा तर अख्खं सरकार बंद पाडायची तयारी हवी. जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी स्वतः खासदारांना फोन केल्याचं वॉशिंग्टन पोस्टने छापलं. एलिझाबेथ वॉरन यांनी सिनेटमध्ये कडाडून विरोध केला. प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 206 असं ते निघालं, नंतर सिनेटमध्येही मंजूर झालं आणि 16 डिसेंबरला ओबामांची सही झाली. आता बाहेर काढायचे स्वॉप जवळपास फक्त एका प्रकारचे उरले, कर्जांच्या गठ्ठ्यांवर बेतलेल्या रोख्यांचे. पूर्ण अंमल सुरू होण्याआधीच कलमाचा जीव गेला होता.

कलम 716 चुकीचं होतं असं मानणारे जाणकार आहेत, आणि त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण मग ते दिवसाउजेडी, स्वतंत्र विधेयकाने, नावानिशी मतदान घेऊन रद्द करायला हवं होतं. ज्या सिनेटरने 2010 मध्ये त्याच्या बाजूने हात वर केला, त्याला 2014 मध्ये वेगळं मत नोंदवावं लागलंच नाही. त्याने फक्त सरकार चालू ठेवायला होकार दिला. मतदारसंघात कुणी विचारलं तर उत्तर तयार.

आता पैसा कसा जातो ते पाहू, कारण इथे बराच घोळ होतो. अमेरिकेत कंपनीला, बँक धरून, केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. ही बंदी 1907 पासून आहे. बँक आपल्या अधिकाऱ्यांकडून ऐच्छिक वर्गणी जमवून राजकीय कृती समिती, म्हणजे पॅक, चालवते. पॅकला एका उमेदवारास एका निवडणुकीसाठी 5,000 डॉलर देता येतात. पक्षांतर्गत आणि मुख्य निवडणूक मिळून 10,000. शिवाय पुढाऱ्याच्या स्वतःच्या ‘लीडरशिप पॅक’ला वर्षाला आणखी 5,000. याखेरीज बँकेतली माणसं वैयक्तिक देणग्या देतात. 2023-24 मध्ये त्याची मर्यादा दर निवडणुकीला 3,300 डॉलर होती. 2010 च्या जानेवारीत कंपन्यांना स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करू देणारा सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल आला आणि त्यानंतर सुपर पॅक उभे राहिले, म्हणजे उमेदवाराला थेट पैसे न देता स्वतंत्र प्रचार करणाऱ्या समित्या. त्यांना मर्यादाच नाही.

एका चक्रात 200 डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे उमेदवाराला निवडणूक आयोगाकडे नोंदवावं लागतं. ‘अमुक बँकेने इतके दिले’ असं आपण वाचतो, ती बेरीज बहुधा पॅक आणि या नोकरीच्या रकान्यातून केलेली असते. जर्सी सिटीत बँकेच्या संगणक विभागात काम करणारा, ग्रीन कार्डवाला एखादा मराठी माणूस शाळांच्या प्रश्नावर आवडलेल्या उमेदवाराला 250 डॉलर देतो, तेही ‘बँकेच्या पैशा’त धरले जातात. म्हणून नुसत्या बेरजेवरून कुणाला विकला गेला म्हणणं कच्चं आहे. गोल्डमन सॅक्सच्या लोकांनी 2008 मध्ये ओबामांना सुमारे 10 लाख डॉलर दिले होते, आणि डॉड-फ्रँकवर सही ओबामांचीच आहे.

बेरजेपेक्षा समिती बघावी. प्रतिनिधिगृहाच्या वित्तीय सेवा समितीत 2009-10 साली सत्तरहून अधिक सदस्य होते, 435 जणांच्या सभागृहात जवळपास दर सहावा माणूस. नवे, निसटत्या मताधिक्याने निवडून आलेले खासदार पक्ष मुद्दाम तिथे बसवतो, कारण त्या खुर्चीवर देणग्या आपसूक येतात. हे सदस्य पुढच्या निवडणुकीच्या चिंतेत असतात. विमा, स्वॉप, बँकेचं भांडवल पुरेसं आहे का, यांचा त्यांना ना अभ्यास असतो ना त्यासाठी पुरेसे कर्मचारी. बँकेचा माणूस येतो तेव्हा चेकपेक्षा मोलाची गोष्ट आणतो: तयार मसुदा. 85 पैकी 70 ओळींचं गणित इथे सुटतं. लाच लागत नाही. समोरच्याला विषय कळत नसतो, वेळ नसतो आणि आणणारा ओळखीचा असतो.

डॉड-फ्रँकमधल्याच, पॉल व्होल्कर यांच्या नावाच्या व्होल्कर नियमाचं उदाहरण घ्या. बँकेने स्वतःच्या खात्यावर सट्टा खेळू नये, ही मूळ कल्पना एका वाक्यात मावते. डॉड-फ्रँकचं विधेयक अडकलं तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर स्कॉट ब्राऊन यांच्या मताला भाव आला. तडजोडीत हेज फंडांत (श्रीमंतांच्या पैशावर जोखमीची गुंतवणूक करणाऱ्या निधींत) भांडवलाच्या 3 टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची सूट आली, आणि मोठ्या वित्तसंस्थांवरची 19 अब्ज डॉलरची आकारणी गेली. पुढे पाच नियामक संस्थांनी नियम लिहायला घेतले. हरकती-सूचनांची 18,000 हून अधिक पत्रं आली आणि अंतिम नियम 10 डिसेंबर 2013 ला, स्पष्टीकरणासह शेकडो पानांचा निघाला. मधल्या काळात, 2012 मध्ये, जेपी मॉर्गनच्या लंडन कार्यालयातल्या व्यवहारांत 6.2 अब्ज डॉलर बुडाले होते. बँक त्याला ‘जोखीम संरक्षण’ म्हणत होती. तो तोटा उघड झाला नसता तर एकूण गुंतवणुकीच्या संरक्षणाच्या नावाखालचा मोठा अपवाद अंतिम नियमात कदाचित तसाच राहिला असता.

बँका जिथे हरल्या, तेही पाहायला हवं. एप्रिल 2009 मध्ये घर वाचवू पाहणाऱ्या दिवाळखोर कर्जदारांचं मुद्दल न्यायाधीशाला कमी करता यावं, ही सिनेटर डिक डर्बिन यांची दुरुस्ती 45 विरुद्ध 51 अशी पडली. बँका या जागेच्या, म्हणजे संसदेच्या, मालक आहेत, असं डर्बिन तेव्हा उघड बोलून गेले. पण वर्षभराने, मे 2010 मध्ये, डेबिट कार्डाच्या शुल्कावर मर्यादा घालणारी त्यांचीच दुरुस्ती 64 विरुद्ध 33 मतांनी निघाली. माणूस तोच, सभागृह तेच. फरक इतकाच की या वेळी दुकानदारांच्या साखळ्या मैदानात होत्या, त्यांच्याकडेही पैसा आणि लॉबी होती. तरी पुढचा टप्पा चुकला नाही. आधी सरासरी शुल्क 44 सेंट होतं. फेडरल रिझर्व्हने प्रस्तावित केले 12 सेंट. पत्रव्यवहार आणि फोनाफोनी होऊन जून 2011 मध्ये ठरले 21 सेंट अधिक व्यवहाराच्या 0.05 टक्के. घरकर्जदारांच्या मागे अशी कुठलीच साखळी नव्हती, म्हणून ते 45 मतांवर थांबले.

मर्यादेच्या आकड्याचा खेळ सर्वांत महागात पडला तो 2018 च्या कायद्यात. डॉड-फ्रँकनुसार 50 अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या बँकेवर कडक देखरेख होती. मे 2018 मध्ये ही मर्यादा 250 अब्ज झाली. सिनेटमध्ये 67 विरुद्ध 31 मतं पडली, डेमोक्रॅटिक गटातल्या 17 जणांनी पाठिंबा दिला. भाषणांत नाव होतं गावोगावच्या छोट्या बँकांचं. त्यांना सवलत हवी होती हे खरंच आहे. शे-दोनशे कोटी डॉलरच्या बँकेला व्होल्कर नियमाचे कागद रंगवायला लावण्यात अर्थ नव्हता. पण ती सवलत 10 अब्जांच्या मर्यादेत भागत होती. 250 अब्जांची बँक कुठल्या गावची?

ही मर्यादा वाढवा असं सिलिकॉन व्हॅली बँकेचे प्रमुख ग्रेग बेकर यांनी 2015 मध्येच सिनेटच्या समितीला लेखी कळवलं होतं, आपली बँक कमी जोखमीची आहे असं सांगून. तेव्हा बँक 50 अब्जांच्या आत होती. 2022 अखेर ती सुमारे 209 अब्जांवर गेली, म्हणजे जुन्या मर्यादेच्या चौपट आणि तरी नव्या मर्यादेच्या आत. ठेवींपैकी 90 टक्क्यांहून अधिक रक्कम 2,50,000 डॉलरच्या विमा मर्यादेबाहेरची. त्या ठेवी लांब मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जाच्या रोख्यांत अडकवलेल्या. व्याजदर वर गेले, रोख्यांच्या किमती पडल्या. 8 मार्च 2023 ला बँकेने 1.8 अब्जांचा तोटा जाहीर केला. 9 मार्चला एका दिवसात 42 अब्ज डॉलर निघून गेले आणि 10 तारखेला कुलूप लागलं. दोन दिवसांनी सिग्नेचर बँक बंद झाली. तिच्या संचालक मंडळावर 2015 पासून कोण होतं? बार्नी फ्रँक, ज्यांचं नाव डॉड-फ्रँक कायद्याला आहे. 50 अब्जांची मर्यादा वाढवावी, असं त्यांचंही म्हणणं होतं.

जुना नियम असता तर बँक वाचलीच असती, असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. तिचं व्यवस्थापन बेफिकीर होतं आणि देखरेख करणाऱ्यांना खोट दिसूनही त्यांनी वेळेवर हात उचलला नाही. पण ती ढिलाई आली कुठून, याचं उत्तर फेडरल रिझर्व्हच्याच एप्रिल 2023 च्या अहवालात आहे: 2018 नंतरच्या सैल नियमांनी आणि बदललेल्या धोरणाने देखरेखीची धार बोथट केली. फ्रँक लाचखोर होते असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी कष्टाने एक कडक कायदा उभा केला. म्हणूनच हे उदाहरण जिव्हारी लागतं. चांगल्या माणसालाही काही वर्षांनी बँकेच्या खुर्चीतून जग वेगळं दिसतं, आणि आपलं मत बदललं ते पटलं म्हणून की खुर्ची बदलली म्हणून, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

मग पारखायचं कसं? उमेदवार पॅकचा पैसा नाकारतो का, हा प्रश्न मी शेवटी ठेवीन. त्याआधी, समितीत आणि सभागृहात दुरुस्त्यांवर त्याने कुठे मत दिलं ते पाहावं, कारण अंतिम मतदानात सगळेच सज्जन असतात. मे 2010 मध्ये बड्या बँकांच्या आकारालाच मर्यादा घालणारी ब्राऊन-कॉफमन दुरुस्ती (हे ब्राऊन म्हणजे ओहायोचे शेरॉड ब्राऊन) 33 विरुद्ध 61 अशी पडली. विरोधात मत देणाऱ्यांपैकी कित्येकांनी पुढे डॉड-फ्रँकला मत देऊन सुधारक म्हणून पाठ थोपटून घेतली. नियम बनत असताना त्याने नियामकाला पत्र लिहिलं का आणि कशासाठी, हेही सापडतं, कारण हरकती-सूचना सार्वजनिक असतात. लॉबी करणाऱ्यांना दर तिमाहीला कोणत्या विधेयकावर काम केलं ते नोंदवावं लागतं. वायदेबाजाराच्या नियामकाला दरवर्षी किती पैसे द्यायचे हे खर्च विधेयकात ठरतं, तिथे त्याने कात्री लावली का? नियामकाकडे माणसंच नसतील तर नियम कागदावरच राहतो.

आपल्याकडे हेच कोष्टक उलटं वाचावं लागतं. महाराष्ट्रात जिल्हा बँकेने पुढाऱ्याला देणगी देण्याची गरजच पडत नाही, पुढारी स्वतःच संचालक असतो. विकास सोसायटीचा ठराव कोणाच्या नावे झाला, यावर जिल्हा बँकेचं मंडळ ठरतं आणि त्या मंडळावर कारखान्याचं कर्ज. मे 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं, तेव्हा त्यावर सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही बाजूंचे नेते होते. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अंकुश वाढवणारी दुरुस्ती आली ती 2020 मध्ये, सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेचे ठेवीदार सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा घेऊन रस्त्यावर उभे राहिल्यानंतर. आणि देणग्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत 200 डॉलरवाल्याचं नाव दिसतं. इथे 2018 पासून 15 फेब्रुवारी 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत एक कोटीचा निवडणूक रोखा कोणी कोणाला दिला, हे मतदाराला कळायची सोयच नव्हती. कंपनीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादाही 2017 मध्ये उठवली गेली होती.

अमेरिकेतल्या त्या कायद्यात आणखी एक कलम आहे, 956. बँक अधिकाऱ्यांना अवाजवी जोखीम घ्यायला लावणाऱ्या बोनसवर सहा नियामकांनी मिळून नऊ महिन्यांत नियम करावा, असं ते सांगतं. म्हणजे एप्रिल 2011 पर्यंत. तेव्हा मसुदा निघाला, थांबला. 2016 मध्ये दुसरा निघाला, तोही थांबला. मे 2024 मध्ये चार नियामकांनी पुन्हा तोच मसुदा पुढे केला, फेडरल रिझर्व्ह आणि रोखे आयोग सोबत आले नाहीत. कायदा रद्द झालेला नाही. त्याच्या विरोधात कुणालाही मत द्यावं लागलेलं नाही. 2010 मध्ये त्याच्या बाजूने मत दिलेले अनेकजण आजही प्रचारात ते मत सांगतात, आणि अंतिम नियम अजून निघालेला नाही.